पाण्याखालचा कॅमेरा: रोलकडून डिजिटलकडे जाताना नेमकं काय बदललं

२००३ सालच्या डिसेंबरात मी अंदमानच्या हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, पाण्याखाली माझा पहिला रोल काढला. छत्तीस फोटो. बोटीवर चढताना मला आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, वाक्य आठवत होतं: "पोरी, छत्तीसच हायत. मोजून खर्च कर." तो रोल माझ्या बॅगेतून चेन्नईमार्गे कोल्हापूरला आला. शाहूपुरीतल्या आमच्या स्टुडिओत लग्नाचे रोल धुण्याची सोय होती, माझ्या रोलसारखी स्लाइड, म्हणजे उजेडासमोर धरून बघायची पारदर्शक फिल्म, धुण्याची नव्हती. म्हणून तो मुंबईच्या लॅबला गेला आणि तिथून परत यायला आणखी काही दिवस लागले. मग एका संध्याकाळी आप्पांनी लाइट बॉक्स लावला, पट्ट्या पसरल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "हे पिठाच्या गिरणीत काढल्यागत का दिसतंय?"

मी भिंग घेऊन बघितलं. लायनफिश छान आला होता, कल्ल्यांवरच्या पट्ट्या मोजता येत होत्या. पण त्याच्या चारी बाजूंनी पांढरे ठिपके भुरभुरत होते. दुसरी फ्रेम तशीच, तिसरीही तशीच. पाण्यात उतरतानाच फ्लॅशचा दांडा सरकून लेन्सला चिकटला होता आणि ती चूक मी पहिल्या फोटोपासून छत्तिसाव्यापर्यंत इमानाने पुन्हा पुन्हा केली होती. ते मला कळलं तीन आठवड्यांनी, समुद्रापासून खूप लांब, घाटावर बसून.

"ताई, डिजिटलमुळे पाण्याखालच्या फोटोग्राफीत एवढा काय फरक पडला?" असं कुणी विचारलं की मी मेगापिक्सेलचं काही सांगत नाही, हा लाइट बॉक्स सांगते. रोलच्या काळात चूक होणं आणि ती चूक कळणं यांच्यामध्ये आठवडे जायचे. डिजिटलने ते अंतर दोन सेकंदांवर आणलं, आणि तेही मासा अजून समोर असताना. बाकी पुष्कळ गोष्टी बदलल्या. काही सोप्या झाल्या, काही सुरुवातीला चक्क अवघड झाल्या. पाणी मात्र होतं तसंच राहिलं, म्हणून सुरुवात पाण्यापासूनच करते.

पाणी प्रकाशाचं काय करतं

विहिरीत उड्या मारत वाढलेल्या कुणालाही दोन गोष्टी ठाऊक असतात. काठावरून बघितलं की तळ वर आल्यासारखा वाटतो. आणि बुडी मारून खाली डोळे उघडले की सगळं हिरवट दिसतं. पाण्याखालच्या फोटोग्राफीतली निम्मी विद्या या दोन गोष्टींतच आहे.

पहिली गोष्ट वक्रीभवनाची, म्हणजे पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकण्याची. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, साधारण १.३३ आहे. त्यामुळे मास्कच्या सपाट काचेतून बघताना वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर दिसते आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो. नवखा माणूस हात लांब करतो आणि हात पोहोचतच नाही, तो यामुळे.

दुसरी गोष्ट रंगांची. पाणी प्रकाशातले सगळे रंग सारखे खात नाही, आधी तांबडा खातं. स्वच्छ समुद्रात पाचेक मीटरवर तांबडा बराचसा गेलेला असतो, दहाच्या पुढेमागे नारिंगी, विसाच्या आसपास पिवळा. त्याखाली निळ्या-हिरव्याचंच राज्य. मी एकदा दंडाला तांबड्या खणाची पट्टी बांधून खाली गेले होते. वर बोटीवर ती कुंकवासारखी लाल होती. पाच मीटरवर विटकरी झाली, बारा मीटरवर काळपट चॉकलेटी. मग टॉर्च लावला आणि प्रकाशाचा गोल पडला तेवढ्याच भागात पट्टी पुन्हा लालभडक झाली. कापडातला रंग कुठेच गेला नव्हता. त्याच्यापर्यंत तांबडा प्रकाशच पोहोचत नव्हता.

इथे हमखास होणारी एक गल्लत सांगते. रंग नुसत्या खोलीने जात नाही, प्रकाशाने पाण्यात एकूण किती वाट तुडवली त्यावर जातो. तुम्ही आठ मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून दोन मीटर लांब आहे, तर सूर्यप्रकाश आठ मीटर खाली आला आणि माशावरून उसळून आणखी दोन मीटर चालत लेन्सपर्यंत आला. झाले दहा. फ्लॅशचंही तसंच. मासा दीड मीटरवर असेल तर फ्लॅशचा उजेड दीड मीटर जातो आणि दीड मीटर परत येतो. म्हणून या कलेतला सगळ्यांत जुना नियम आहे: जवळ जा, आणि मग आणखी जवळ जा. रोल असो की डिजिटल, हा नियम चुकवून कुणाचा फोटो चांगला आलेला मी पाहिलेला नाही.

माणसं हे पाण्याशी कधीपासून झुंजतायत बघा. लुई बुताँ नावाच्या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये भूमध्य समुद्रात कॅमेरा बुडवून फोटो काढले. १९२६ मध्ये लाँगली आणि मार्टिन या दोघांनी फ्लोरिडाजवळ माशाचा रंगीत फोटो काढला, तो पाण्याखालच्या रंगीत फोटोंतला पहिला मानला जातो. उजेड कमी पडत होता म्हणून त्यांनी पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. आज आपण स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, म्हणतो त्याची गरज तिथपासूनची.

रोलला रंग कसा दिसायचा आणि सेन्सरला कसा दिसतो

रंगीत फिल्ममध्ये प्रकाशाला संवेदनशील असे तीन थर असतात: एक निळ्यासाठी, एक हिरव्यासाठी, एक तांबड्यासाठी. कारखान्यात ते दुपारच्या उन्हाच्या हिशोबाने जुळवलेले असतात. पाण्याखाली बारा मीटरवर तांबड्याच्या थराला खायलाच काही मिळत नाही. तो जवळजवळ कोरा राहतो आणि स्लाइड निळीशार येते. स्लाइड धुण्याची ई-६ नावाची प्रक्रिया ठरलेल्या तापमानाची, ठरलेल्या मिनिटांची असते. पहिलं डेव्हलपर ३८ अंशांवर चालतं आणि ते तापमान जराही ढळू द्यायचं नसतं. तिथे बसून कुणी तुमचा तांबडा परत आणू शकत नाही. जे चित्र शटर उघडलं त्या क्षणी पडलं, तेच कायम.

डिजिटल सेन्सरवर बारीक बारीक चौकटी असतात आणि प्रत्येकीवर एका रंगाची गाळणी असते. निम्म्या हिरव्या, एक चतुर्थांश तांबड्या, एक चतुर्थांश निळ्या. पाण्याखाली तांबड्या चौकटींनाही फिल्मसारखाच उपवास घडतो. फरक एवढाच की तांबड्या चौकटीत जो थोडाफार प्रकाश पडला, त्याचा आकडा आपल्या हातात असतो आणि आकड्याला गुणता येतं. व्हाइट बॅलन्स म्हणतात तो हाच गुणाकार. पांढरी पाटी किंवा तळावरची फिकट वाळू कॅमेऱ्याला दाखवून "हे पांढरं धर" असं सांगितलं की कॅमेरा तांबड्याचा आकडा वाढवून तिन्ही रंग एका पातळीला आणतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदवलेले कच्चे आकडे, ठेवली असेल तर हेच काम घरी येऊन निवांत करता येतं, हवं तितक्या वेळा.

पण गुणाकाराची मर्यादा लक्षात घ्या. लांबच्या स्टेशनवरचं गाणं ऐकायला रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते. इथे अगदी तसंच होतं. पाच-सहा मीटरवर तांबडा थोडा शिल्लक असतो, वाढवला तर फोटो जिवंत होतो. वीस मीटरवर वाढवायला तांबडं काही उरलेलंच नसतं. तिथे तुम्ही फक्त खरखर वाढवता, फोटोत जांभळट दाणे येतात. "नंतर कॉम्प्युटरवर रंग काढू" हे वाक्य उथळ पाण्यात खरं आहे. खोलवर रंग हवा असेल तर तो सोबत घेऊन जावा लागतो, म्हणजे फ्लॅश किंवा दिवा न्यावा लागतो.

आप्पांचा निकोनोस

पाण्याखाली जायला कॅमेऱ्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कॅमेराच जलरोधक बनवायचा. दुसरा म्हणजे साधा कॅमेरा जलरोधक पेटीत, हाउसिंगमध्ये ठेवायचा.

पहिल्या रस्त्याचा राजा म्हणजे निकोनोस. जाँ द वूटर्स या अभियंत्याने झाक कुस्तो या फ्रेंच समुद्रसंशोधकाच्या मंडळींसाठी आखलेल्या 'कॅलिप्सो' कॅमेऱ्यावरून निकॉनने १९६३ मध्ये तो आणला. १९८४ मध्ये आलेला निकोनोस पाच हा सगळ्यांत लाडका. आप्पांनी मला तोच जुन्या बाजारातून घेऊन दिला होता. हातात घेतला की वजनदार, नारिंगी रबराचा, कुठेही फटफुट नाही. २००१ मध्ये निकॉनने ही मालिका बंद केली. म्हणजे मी शिकायला सुरुवात केली तेव्हाच तो निवृत्त झालेला होता.

त्यात फोकस दिसत नसे. वर एक दृष्टिदर्शक बसवायचा, अंतर अंदाजाने ठरवायचं आणि लेन्सवरची घुंडी फिरवायची. मी प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलने लिहीत असे: फ्रेम ७, अंतर ३ फूट, एफ ८ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा). तीन आठवड्यांनी स्लाइड आली की पाटी शेजारी ठेवून मेळ घालायचा. अगदी बारीक जिवांसाठी लेन्सपुढे नळी आणि तारेची चौकट लावायची. जीव त्या चौकटीत आला की तो फोकसमध्ये. गोगलगाय चौकटीत येते. मासा तारेची चौकट दिसताच निघून जातो. डिजिटलच्या आधीच हाउसिंगमध्ये घातलेल्या एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच दृश्य बघता येणाऱ्या, कॅमेऱ्यांनी हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला होता. निकॉनने १९९२ मध्ये निकोनोस आरएस हा ऑटोफोकसचा एसएलआरही काढला, पण तो आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नव्हता.

एक गोष्ट मात्र त्या जुन्या कॅमेऱ्याची आजही अजोड आहे. त्याची १५ मिलिमीटरची, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी, लेन्स थेट पाण्याला भिडलेली असायची, पाण्यासाठीच घडवलेली होती. जमिनीवर तिचा काही उपयोग नाही. डिजिटलचा कॅमेरा हाउसिंगमध्ये जातो, म्हणजे लेन्स आणि पाणी यांच्यामध्ये हवा आणि एक काच येते. त्या काचेला पोर्ट म्हणतात. पोर्ट सपाट असेल तर मास्कसारखाच परिणाम होतो: २८ मिलिमीटरची लेन्स पाण्यात जवळपास ३७ मिलिमीटरसारखी वागते, दिसणाऱ्या दृश्याचा कोन आकसतो. छोट्या जिवांसाठी ते उलट फायद्याचंच. पण मोठं दृश्य हवं असेल तर घुमटासारखा पोर्ट लागतो.

घुमट कोन वाचवतो, पण त्याची एक गंमत आहे. घुमट आणि पाणी मिळून स्वतःच एक लेन्स बनतात आणि कॅमेऱ्याला खरा मासा दिसतच नाही, घुमटाच्या जरा पुढे तरंगणारी त्याची आभासी प्रतिमा दिसते. घुमटाची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर पाण्यातलं अगदी लांबचं दृश्यसुद्धा घुमटाच्या पुढे साधारण ३० सेंटीमीटरवर उभं राहतं. म्हणून घुमटामागची लेन्स जवळचं फोकस करणारी लागते, आणि ती प्रतिमा वक्र असल्यामुळे फोटोचे कोपरे मऊ पडतात. छिद्र एफ ८, एफ ११ पर्यंत बारीक केलं की कोपरे सुधारतात. निकोनोसवरून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसायचा तो इथे. एवढा खर्च करून कोपरे आधीपेक्षा वाईट! जुनी १५ मिलिमीटरची लेन्स अडॅप्टर लावून आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर वापरणारे लोक आहेत, ते याच कारणाने.

सुरुवातीच्या डिजिटल एसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान होता. त्यामुळे १५ मिलिमीटरची लेन्स २२ सारखी दिसायची. जमिनीवर दोन पावलं मागे सरकून भागतं. पाण्यात मागे सरकलं की मध्ये पाणी वाढतं आणि रंग जातो. २००३ मध्ये निकॉनची १०.५ मिलिमीटरची फिशआय, म्हणजे अतिरुंद कोनाची लेन्स, आली तेव्हा कुठे या लोकांना हवा तो कोन परत मिळाला.

फ्लॅशची जुळणी का बिघडली

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण रोलवरून आलेल्या प्रत्येकाला यानेच रडवलं, म्हणून सावकाश सांगते.

रोलच्या कॅमेऱ्यात टीटीएल नावाची सुंदर सोय होती. फ्लॅश पेटला की उजेड माशावरून उसळून लेन्समधून आत यायचा आणि फिल्मवर पडायचा. फिल्मच्या पृष्ठभागावरून त्यातला थोडा परत उसळायचा. आत खाली बसवलेला एक छोटा डोळा तो मोजत असायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅशला सांगायचा, "बास." हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात.

डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी सेन्सर आला. त्याच्यावरच्या काचेवरून उजेड फिल्मसारखा उसळत नाही, त्यामुळे तो जुना डोळा आंधळा झाला. मग कंपन्यांनी पद्धत बदलली. आधी एक हलका चमकारा टाकायचा, तो मोजायचा, हिशोब करायचा आणि मग खरा फ्लॅश पेटवायचा. हा पहिला चमकारा आपल्या डोळ्याला वेगळा कळत नाही. पण पाण्याखालच्या जुन्या स्ट्रोबना त्याची भाषाच येत नव्हती. ते पहिल्या इशाऱ्यालाच सगळी शक्ती ओतून मोकळे व्हायचे आणि शटर उघडायचं तेव्हा रिकामे. फोटो काळा.

उपाय काय झाला? लोकांनी टीटीएल सोडून दिलं आणि स्ट्रोब हाताने लावायला शिकले. एक फोटो काढा, पडद्यावर बघा, उजेड जास्त वाटला तर स्ट्रोबची घुंडी एक घर खाली. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोला बसतं. मागच्या पडद्यानेच टीटीएलची जागा घेतली म्हणा ना. पुढे डिजिटलची भाषा समजणारे स्ट्रोब आले, तरी पुष्कळ जाणते लोक अजून हातानेच लावतात, आणि मीही त्यांच्यातलीच.

आता ते गिरणीतलं पीठ. त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. पाण्यात कायम बारीक कण तरंगत असतात. कोल्हापूरहून मालवणला जाताना गगनबावड्याला धुकं लागलं आणि तुम्ही गाडीचे दिवे फुल्ल केले तर काय होतं? समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवे खाली केले किंवा फॉग लॅम्प लावले की रस्ता दिसतो, कारण उजेड नजरेच्या रेषेतून जात नाही, खालून जातो. स्ट्रोबचंही हेच. लेन्सच्या शेजारी असेल तर लेन्ससमोरचा प्रत्येक कण पेटतो. दांडे पसरून स्ट्रोब बाजूला नेले आणि थोडे बाहेरच्या दिशेला वळवले की उजेडाची नुसती कड माशावर पडते आणि मधले कण अंधारात राहतात. हे रोलच्या काळातही सगळ्या जाणकारांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आज शिकणारी मुलं पहिल्याच बुडीत पडद्यावर ठिपके बघतात, दांडा सरकवतात, पुन्हा बघतात. मला जे कळायला तीन आठवडे आणि एक रोल लागला, ते त्यांना एका श्वासात कळतं. याचा मला फार आनंद होतो.

सूर्य

एका ठिकाणी रोल बरीच वर्षं पुढे राहिला, हे कबूल करायलाच हवं. पाण्याखालून वर बघत काढलेला सूर्याचा फोटो. स्लाइड फिल्मचा आवाका तसा कमीच, उजेड-अंधाराच्या सुमारे पाच पायऱ्या (दर पायरीला उजेड दुप्पट). पण सूर्याभोवतीचा निळा ती हळूहळू पांढऱ्यात विरघळवायची, दुधात साखर विरघळावी तशी. सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यात तिथे पांढरी थाळी चिकटवल्यासारखी दिसायची आणि तिच्याभोवती आकाशी रंगाचं कडं.

ते कडं यायचं कारण असं. प्रत्येक चौकटीची प्रकाश धरण्याची क्षमता ठरलेली आहे. भांडं भरलं की वरचं सांडतं, त्याची नोंद होत नाही. पाण्यात निळा सगळ्यांत जास्त, म्हणून निळ्याचं भांडं आधी भरतं. हिरवा मागून चढतच असतो आणि तांबडा अजून तळाशीच. निळा थांबला, हिरवा वाढतोय, म्हणजे रंग आकाशीकडे झुकणार. सूर्याच्या आणखी जवळ गेलं की सगळीच भांडी भरतात आणि उरतो तो कोरा पांढरा.

आजच्या चांगल्या सेन्सरचा आवाका बारा-चौदा पायऱ्यांचा आहे, त्यामुळे हे दुखणं पुष्कळ कमी झालंय. तरी सवय एकच ठेवावी: पाण्याचा निळा जरा गडद येऊ द्या, शटर जलद ठेवा आणि पुढचं प्रवाळ स्ट्रोबने उजळा. निकोनोस पाचवर फ्लॅशबरोबर सेकंदाच्या १/९० पेक्षा जलद जाता येत नव्हतं, आजचे बरेच कॅमेरे १/२०० किंवा १/२५० देतात. किरणांचे पट्टे त्या जलद शटरला गोठून येतात.

आणि पडद्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. खाली अंधार असतो, त्यात पडदा दिव्यासारखा चमकतो, म्हणून प्रत्येक फोटो उजळ वाटतो. घरी येऊन उघडला की काळोख. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचा, डोंगर कुठे उभा आहे ते बघा, तो उजेडाला भुलत नाही.

रबराची एक रिंग

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक्सच्या दुकानात मी एकदा हाउसिंगची ओ-रिंग, म्हणजे पेटीच्या फटीतून येणारं पाणी अडवणारी रबरी रिंग, घेऊन गेले होते. काउंटरवरच्या काकांनी ती बोटांत फिरवली, ताणली, नखाने दाबून कडकपणा पाहिला आणि म्हणाले, "सत्तर शोरची दिसते. आतला व्यास मिळंल, जाडी मिळंल. पण ताई, कशाला लावताय?" मी कॅमेरा म्हटल्यावर त्यांनी रिंग परत माझ्या हातात ठेवली. "मग कंपनीचीच लावा. इंजिनातनं तेल गळलं तर पुसता येतंय."

त्यांचं ऐकलं हे बरं केलं. ओ-रिंग खाचेत किती दबते यावर सगळं अवलंबून असतं आणि तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही फरक पडतो. ग्रीसचंही तसंच. काही रिंगा सिलिकॉनच्या असतात आणि त्यांना साधं सिलिकॉन ग्रीस लावलं तर त्या फुगतात. ज्या हाउसिंगला जे ग्रीस सांगितलंय तेच लावायचं, आणि तेही चकाकी येण्यापुरतं. ग्रीसचं काम रिंग सरकती ठेवण्याचं आहे, पाणी अडवण्याचं काम रिंगच करते.

लोकांना वाटतं की जितकं खोल तितकी गळण्याची भीती जास्त. दर दहा मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो हे खरं. पण तोच दाब रिंगला खाचेत आणखी घट्ट बसवतो. बरेचदा कॅमेरा गळतो तो पहिल्या मीटर-दोन मीटरमध्ये, जिथे रिंगला दाबायला पाण्याचा जोर नसतो. माझा पहिला डिजिटल कॅमेरा पोहण्याच्या तलावात गेला, तीन फूट पाण्यात. रिंगवर माझ्याच डोक्याचा एक केस आडवा पडला होता. केसाच्या दोन्ही अंगांना जी चिमुकली फट राहते, तेवढी पाण्याला पुरते. निकोनोसमध्ये पाणी शिरलं तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, कधीकधी दुरुस्त होऊन तो परत यायचा. डिजिटलच्या सर्किटला खारं पाणी लागलं की बहुतेक वेळा सगळं संपतं. तेव्हापासून मी केस घट्ट बांधून, उजेडात बसून, रिंग बोटांतून पूर्ण एक फेरी फिरवल्याशिवाय हाउसिंग बंद करत नाही. आता हाउसिंगमधली हवा छोट्या पंपाने ओढून घेण्याची सोय मिळते. अर्ध्या तासात आतला दाब वर चढला नाही तर पेटी पक्की. जमेल त्याने ती घ्यावीच.

रोलच्या काळी दर छत्तीस फोटोंनी कॅमेरा उघडावा लागे, म्हणजे दर बुडीनंतर रिंग धोक्यात. आता कार्डात शेकडो फोटो मावतात, सकाळी बंद केलेली पेटी संध्याकाळीच उघडायची. फक्त ती दमट हवेत बंद करू नका. आतली वाफ थंड पाण्यात पोर्टच्या काचेवर धरते आणि फोटो धुरकट येतात. मालवणात मी खोलीतला एसी चालू करून पहाटेच पेटी बंद करते, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकते आणि बोटीवर तिच्यावर ओला टॉवेल घालते.

आज सुरुवात करायची तर

कोल्हापूरहून बहुतेकांची पहिली बुडी मालवण-तारकर्लीला होते. १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेला हा भाग आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. पाणी अंदमानसारखं काचेचं नसतं, कण पुष्कळ असतात. म्हणून इथे मोठ्या दृश्यांच्या मागे लागू नका, हातभर अंतरावरचे जीव टिपा. त्यासाठी ऑलिंपसच्या, आता ओएम सिस्टीम नावाने येणाऱ्या, टीजी मालिकेसारखा छोटा कॅमेरा पुरतो. तो नुसता १५ मीटरपर्यंत चालतो, त्याच्या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत. त्यावर एक छोटा दिवा किंवा स्ट्रोब. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेणारे खूप दिसतात, पण पाण्याचा दाब पिशवी पडद्यावर चिकटवतो आणि स्पर्श काम करत नाही. पृष्ठभागावर ठीक आहे.

पैसे कमी असतील तर मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा आणखी चार बुड्यांवर घाला. पाण्यात तरंगत स्थिर राहता येणं ही पहिली विद्या. पडद्यात मान घालून बसलेला माणूस नकळत खाली जातो, पायात घातलेल्या पंखाचा एक फटका प्रवाळाला बसतो आणि वर्षानुवर्षांची वाढ तुटते. रोल असताना छत्तीस फोटो संपले की आपण मान वर करून समुद्र बघायचो. आता ती मर्यादा नाही, म्हणून हवेचा काटा आणि खोलीचा काटा दर काही मिनिटांनी बघायची शिस्त स्वतःच लावून घ्यायला लागते.

आपल्या गावाला हे यंत्रांचं वेड जुनंच आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून इथेच सिनेमाचा कॅमेरा बनवला. ज्या गावात घरोघरी कुणीतरी लेथवर हात बसवलेला असतो, तिथे कॅमेऱ्याचं हाउसिंग उघडून नीट बंद करणं कुणाला अवघड जाऊ नये.

आणि ज्यांच्या कपाटात जुन्या स्लाइड आहेत त्यांना कळकळीने सांगते, त्या आता स्कॅन करून घ्या. कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे, बुरशी स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि एकदा जिलेटिनमध्ये शिरली की निघत नाही. ३५ मिलिमीटरची स्लाइड ४,००० डीपीआयने, म्हणजे इंचाला ४,००० ठिपक्यांनी, स्कॅन केली तर सुमारे २१ मेगापिक्सेलची फाइल मिळते. स्कॅनरवर ठेवण्याआधी ब्लोअरने धूळ उडवा, फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे कायमचे बसतात. फाइल दोन ठिकाणी ठेवा, शक्य असेल तर दोन वेगळ्या घरांत. स्लाइड टाकून देऊ नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर पुड्या बदला.

जुना निकोनोस असेल तर त्याच्या ओ-रिंगा काढून, पुसून वेगळ्या डबीत ठेवा, म्हणजे दबून चपट्या होत नाहीत. मागचं दार घट्ट लावू नका. आप्पांचा मी तसाच ठेवलाय, दार किलकिलं करून, शाहूपुरीतल्या कपाटात वरच्या फळीवर. शेजारच्या डबीत रिंगा आहेत, आणि पेन्सिलीच्या खुणा अजून न पुसलेली ती प्लॅस्टिकची पाटी.